आकारबाबांची लेक

उद्यमनगर, कोल्हापूर
१७ फेब्रुवारी २०२५

विशू,

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे वर काही लिहिलेलं नाही, शोधू नकोस. फोन लावला की तुझ्या ऑफिसातली ती पोरगी ‘ओम आकाराय, बोला’ म्हणते. मी बहीण बोलतेय म्हटलं तर म्हणते, ताई, तुमची समस्या काय आहे? माझी समस्या तूच आहेस हे तिला कसं सांगणार. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर नुसते जोडलेले हात येतात. म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतेय. सही करून घ्यावं तरी लागेल.

तुझा व्हिडिओ बघितला. धोंडुबाईच्या सुनेनं दाखवला. धोंडुबाई म्हणजे आबांना अंघोळ घालायला येते ती. दिवाळीला तू तिला बघितलंस, नाव विचारलं नाहीस. ती आबांच्या पाठीला पावडर लावत होती आणि सून मोबाईल नाचवत आली, “अक्का, ह्यो आपला आबाच की ओ.” बघते तर तू पांढऱ्या झब्ब्यात, पुढं रेशमी कापड, कापडावर माझे पाच लाकडी आकार, आणि मागं आबांचा मोठा केलेला फोटो. खाली नाव, पूज्य आकारबाबा.

दिवाळीत बायकोचं नाव पुढं करून ‘अस्मिताला जरा दाखवतो’ म्हणून कपाटातनं काढून नेलेस ते ह्यासाठी होय रे?

तू काय सांगतोस, तर तुझे वडील आकाराम हे कोल्हापुरातले साधक. एके दिवशी अचानक मौनात गेले, आणि त्याआधी त्यांच्या हातून हे पाच आकार घडले. सहा बाजूंचा ठोकळा म्हणजे पृथ्वी, घराला टिकाव. चार तोंडांचा अग्नी, धंद्याला तेज. आठ तोंडांचा वारा, विसाचं पाणी, बाराचं आकाश. ऐकायला गोड आहे. जुन्या ग्रीक लोकांनीही असंच काहीतरी म्हटलंय, मी वाचलंय. पण तू ते आबांच्या गळ्यात घातलंस. मौन म्हणे. अरे, शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डरला शिव्या देता देता आबा खाली बसले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आता मुश्किलीनं एखादा शब्द फुटतो. त्याआधी ह्या माणसाचा आवाज आख्ख्या उद्यमनगरला ऐकू जायचा. तू स्वतः माळ्यावर लपून बसायचास.

आणि ते आकार आबांनी नववीत मला करून दिले होते, शाळेच्या प्रदर्शनासाठी, सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतून. माझा तिसरा नंबर आला. बक्षीस साबणाची डबी.

वर ती एक टक्क्याची भानगड. तुझ्या व्हिडिओत एक जाडे गृहस्थ व्हर्निअर लावून दाखवतात की ठोकळ्याची बाजू शंभर मिलिमीटर हवी, पण भरते एकशे एक. आणि तू डोळे मिटून म्हणतोस, ‘तो वाढीव एक म्हणजे ईश्वराचा वाटा.’ विशू, तू पॅटर्नवाल्याचा पोरगा आहेस ना? ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना, आपला पॅटर्न, तेवढा मोठा करायचा. दर वेळी आकडेमोड नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वाढीव खुणांची असते. आबांनी जन्मात दुसरी पट्टी हातात धरली नाही. आईचं देवघर त्याच पट्टीनं केलं आणि ते कोनाड्यात जाईना, भिंत खरवडावी लागली. खिडकीचं दार चौकटीत बसेना. आई म्हणायची, ह्या घरात सगळ्याच वस्तू लोखंड व्हायच्या वाटेवर हायत. हे तुला माहीत नाही असं म्हणू नकोस, त्या खिडकीला रंधा मारताना तू शेजारी उभा होतास.

आता मुद्द्याचं. शेवटी तू हात जोडून जाहीर केलंस की अक्षय तृतीयेला पुण्यात आकारपीठ उघडणार आणि बाबा कायमचे तिथं येऊन राहणार, रोज दर्शन देणार. मला विचारलं नाहीस. आबांना विचारलं नाहीस. लकवा झालेल्या म्हाताऱ्याला तू मखरात बसवणार आणि लोक त्याच्या लुळ्या हाताला हात लावून पाया पडणार. आबांना मी नेऊ देणार नाही. हे एकदाच लिहितेय, समजून घे.

क्रांती


उद्यमनगर, कोल्हापूर
६ मार्च २०२५

विशू,

तुझं उत्तर मिळालं, म्हणजे खोकं मिळालं. आत तांब्याचा पिरॅमिड, साखळीसकट, आणि छापील कागद, ‘बाबांच्या शिरोभागी पूर्वेकडून टांगावा.’ माझ्या पत्राला एका ओळीचं उत्तर नाही. धोंडुबाई म्हणाली, “ह्येच्याखाली दूध झाकून ठिवू का? मांजर लै येतंय.”

टांगलाय. आबा सारखं डाव्या हातानं तिकडं दाखवायला लागले म्हणून. चकाकतंय ते बरं वाटत असेल, लहान पोरासारखं झालंय त्यांचं. त्यातून काही अर्थ काढू नकोस.

लोक यायला लागलेत. पत्ता कुठून मिळाला कोण जाणे. तूच दिला असशील. परवा गडहिंग्लजहून एक रिटायर्ड इंजिनिअर बायकोला घेऊन आले. मी खाली आपल्या पॅटर्न शॉपमध्ये रंधा मारत होते, अंगावर भुसा. मला म्हणाले, “बाई, बाबा कुठं बसतात?” मी म्हटलं बसत नाहीत, बसवावे लागतात.

शिकलेला माणूस म्हणून मी त्यांना शॉपमध्ये बसवलं, चहा दिला, आणि सगळं सांगितलं. वाढीव पट्टी हातात दिली. साध्या पट्टीला लावून दाखवली. म्हटलं, साहेब, ह्यात ईश्वर नाही, लोखंड आहे. ते पट्टीकडं बघत राहिले. मला वाटलं, चला, एक तरी माणूस शुद्धीवर आला. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, “म्हणजे बाबांना आधीच कळलं होतं. जे जे तापलेलं आहे ते निवताना लहान होतं, म्हणून माणसानं मुळात थोडं मोठं असावं.” बायकोनं ती पट्टी कपाळाला लावली. मी हात टेकले विशू. खरं सांगितलं तर त्याचीही पोथी करतात ही माणसं.

मग वर गेले दोघं. इंजिनिअरसाहेबांनी आबांच्या पायावर डोकं ठेवलं, मुलीच्या लग्नाचं सांगितलं, बराच वेळ बोलत बसले. आबा ऐकत होते. त्या दिवशी आबांनी भाकरी कुस्करून दिलेली सगळी संपवली. ते असू दे.

तुला अर्थच विकायचे होते तर आबांचे तरी विकायचे. त्यांना आकारांचं कळत होतं की. पण तू शॉपमध्ये कधी थांबलास? मी चौदा वर्षांची, सँडपेपर घेऊन बसलेली, आणि आबा सांगायचे. म्हणायचे, ठोकळा सगळ्यात हट्टी. बाजू अगदी सरळ उभ्या ठेवल्या की वाळूतनं बाहेर निघताना सगळा साचा घेऊन कोसळतो. म्हणून त्याला जरा उतार द्यायचा, डोळ्याला दिसू नये एवढा. माणसालाबी द्यावा. गोल म्हणजे फसवं, ते कधी अख्खं ओतता येत नाही, दोन अर्ध्या वाट्या करूनच जुळवायचं. आणि सुळका, त्याचं टोक पहिल्यांदा मोडतं. ह्यात कुठं पृथ्वी आणि आकाश होतं? ह्यात काम होतं. हे ते मला सांगायचे, तुला नाही, आणि तू आता त्यांचा वारस झालास.

अक्षय तृतीयेचं विसर. गाडी पाठवलीस तर परत जाईल.

क्रांती


उद्यमनगर, कोल्हापूर
३१ मार्च २०२५

विशू,

काल पाडव्याला अस्मिताचा फोन आला. गोड बोलते तुझी बायको. ताई, तुम्ही दमला असाल. ताई, तुम्हालाही तुमचं आयुष्य आहे. पुण्यात नर्स ठेवणार आहोत, दोन दोन. मी ऐकून घेतलं. गुढीला गाठी बांधत होते, हात रिकामे नव्हते, नाहीतर फोन फेकला असता.

माझं आयुष्य म्हणजे काय ते तिला सांग. गडहिंग्लजला संसार होता, तो मोडून मी परत आले तेव्हा ‘आता बापाला सांभाळायला बरं झालं’ असं तूच म्हणाला होतास. सांभाळलं. आबांना कुशीवर वळवायचं, परत वळवायचं. पाठ लाल दिसली की माझी झोप उडते. भरवताना घास अडकला की जीव माझा जातो. खालचं सगळं आवरते. तू म्हणतोस ना, तपश्चर्या, ती ही. तिचा वास येतो.

मी गेटला कुलूप लावलं. पाटी लावली, ‘इथे कोणी बाबा राहत नाहीत. पॅटर्न शॉप आहे. कामाशिवाय बेल वाजवू नये.’ हुपरीहून चांदीचं काम करणारी चार-पाच माणसं टेम्पोतनं आली होती, त्यांना दारातून परत घालवलं. त्यातली एक म्हातारी म्हणाली, “लांबनं बघतो की गं, तुझं काय जातंय?” माझं काय जातंय ते तिला काय माहीत.

तेव्हापासून आबा नीट जेवत नाहीत. घास तोंडात धरून ठेवतात. गुरुवारी चहाचा कप डाव्या हातानं उडवला, भिंतीवर गेला. डॉक्टर म्हणाले, लकव्यानंतर असं चिडचिडं होतं माणूस, गोळी बदलून बघू. गोळी बदलली.

आणि एक लिहावं की नको असं झालंय. पण तुझी माणसं तिकडं सांगतीलच, मग मीच लिहिते. दोन वर्षं मी रोज त्यांच्या उजव्या हातात लाकडाचा ठोकळा देते. फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलंय, बोटं वळवा, धरायला लावा. मी म्हणते, धरा आबा. ठोकळा पडतो. मी उचलते, परत देते, परत पडतो. रागावते, गोंजारते, पोरासारखं समजावते. दोन वर्षं. आणि कुलूप लावायच्या आदल्या दिवशी मलकापूरची एक बाई रडत रडत पायाशी बसली, आणि आबांनी तो उजवा हात उचलला. फार नाही, मांडीवरून वीतभर. तिच्या डोक्यावर ठेवला. मी दारात ताट घेऊन उभी होते.

बाई गेल्यावर मी लगेच ठोकळा दिला. म्हटलं, आता धरा बघू. पडला.

ह्याला चमत्कार म्हणालास तर तिथं येऊन तुझं तोंड रंगवेन.

क्रांती


उद्यमनगर, कोल्हापूर
१४ एप्रिल २०२५

विशू,

जोतिबाच्या यात्रेच्या गर्दीतनं वाट काढत तू शनिवारी आलास, अंगणात उभा राहून माझ्याशी भांडलास आणि मधेच फोन वाजला म्हणून गेटबाहेर गेलास. तू परत आलास तेव्हा मी म्हटलं, ने. तुला वाटलं तू जिंकलास. अस्मितानं तर मला मिठीच मारली. मधल्या वेळात काय झालं ते तू विचारलं नाहीस, म्हणून लिहिते.

मी वर गेले. तुझ्या माणसांनी आबांना भगवी शाल पांघरली होती, ती मी काढायला गेले. आबांनी शाल घट्ट धरली. डाव्या हातानं, पण अशी धरली की सुटेना. मग मी खाली बसले आणि विचारलं. दोन वर्षांत मी त्यांना भूक आहे का, शी लागली का, दुखतंय का, एवढंच विचारलं होतं. तसा प्रश्न आला नव्हता कधी.

म्हटलं, “आबा, विशू लोकांस्नी सांगतोय ते खोटं हाय. कळतंय न्हवं तुम्हाला?”

म्हणाले, “व्हय.”

“तुम्ही बाबा न्हाई. पॅटर्नवाले हाय.”

“व्हय.” चिडून म्हणाले. मी त्यांना येडं समजतेय असं वाटलं असावं.

“मग तरी जाणार?”

तोंड वाकडं झालं, लाळ आली, ती मी पुसली. शब्द जुळवायला त्यांना किती वेळ लागतो ते तुला माहीत नाही, तू कधी थांबला नाहीस. मी थांबले. म्हणाले, “तितं... मान्सं येत्यात.”

मी म्हटलं, “हितं मी हाय की आबा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि माझ्या हातावर थोपटलं. माल वेळेवर झाला नाही की ओळखीच्या गिऱ्हाइकाला थोपटायचे ना, होईल, बघू, चहा घ्या म्हणत, तसं. खाली तू कुणाला तरी मंडपाचं सांगत होतास.

विशू, मी त्यांना दोन वर्षं खरं सांगत आले. हात चालत नाही म्हणून व्यायाम करा. बोलता येत नाही म्हणून ‘अ’ म्हणा, ‘आ’ म्हणा. खाली बघा, सांडलं. तू दिवाळीत चार दिवसांसाठी आलास आणि म्हणालास, हे लुळेपण नाही, ही साधना आहे, हे गप्प बसणं म्हणजे मौन. खोटारड्या, ते त्यांना आवडलं. माझ्याकडं ते आजारी होते. तुझ्याकडं ते कुणीतरी आहेत. कुठल्या बापाला दुसरं आवडणार नाही सांग. मला कळतंय, आणि कळतंय म्हणून तुझा जास्त राग येतोय. नुसता चोर असतास तर पोलिसांत दिलं असतं.

हे वाचून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर व्हिडिओ काढू नकोस.

क्रांती


उद्यमनगर, कोल्हापूर
२८ एप्रिल २०२५

विशू,

हे पत्र आबांच्या पिशवीत वरच ठेवलंय, ड्रायव्हरला दाखवून. गाडीत बसवताना आबांनी एकदाही मागं बघितलं नाही. मान वळत नाही त्यांची उजवीकडं, मी डावीकडं उभं राहायला हवं होतं. ध्यानात आलं तोवर गाडी कोपऱ्यावर गेली होती.

नर्सना नीट सांग. पाणी नुसतं द्यायचं नाही, ठसका लागतो, दाट करून चमच्यानं. भात गुरगुट्या, तूप घालून. प्रसाद, पेढा, शेंगदाणा, कुणी कितीही भक्तीनं भरवू दे, तोंडात जाऊ द्यायचा नाही. घास अडकला तर तुझ्या पाचही तत्त्वांना बाहेर काढता येणार नाही. मखरात सारखं बसवून ठेवू नका, मधे मधे आडवं करा आणि पाठ बघा. स्वतः बघ, नर्सवर सोपवू नकोस. कंबरेखाली लाल दिसलं तर दर्शन बंद. रात्री ते ओरडतात, घाबरू नकोस, बहुतेक वेळा कुशीवर वळवलं की थांबतात. दाढी त्यांना रोज लागते. तुझ्या लोकांना वाढलेली दाढी हवी असेल, पण त्यांना टोचते.

धोंडुबाई सकाळी नेहमीच्या वेळेला आली. तिला सांगितलं होतं तरी आली. पावडरचा डबा घेऊन पलंगाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मग आता मी करू काय?” मी म्हटलं, बस, चहा घे. तिनं चहा घेतला आणि रडत बसली. मला रडू आलं नाही. शॉपमध्ये एका फौंड्रीचं काम आलंय, पंपाच्या भागाचा पॅटर्न, शनिवारपर्यंत द्यायचा आहे.

उद्घाटनाला मला बोलावलंस. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो म्हणालास, बाबांची कन्या म्हणून ओळख करून देतो म्हणालास. नको. खुर्ची काढून टाक.

मी येईन. कधी ते सांगत नाही. बाहेरच्या रांगेत उभी राहीन, चप्पल काढून, सगळ्यांसारखी, नंबर येईपर्यंत. मला बघितलंस तरी हाक मारू नकोस. अस्मितालाही सांगून ठेव. माझा नंबर आला की आबांच्या कानाला लागून ‘अक्का आली’ असं कुणी म्हणायचं नाही. मी खाली वाकले म्हणजे माझं तोंड दिसत नाही त्यांना. मला बघायचंय ते हात उचलतात का.

क्रांती